पत्र्यावर प्लास्टिकची पाटी: पातळ, पण नंतर निघणारी टेप कशी निवडावी, लावावी आणि काढावी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर भागातल्या वर्कशॉपमध्ये एक काम हमखास बिघडतं. यंत्राच्या पॅनलवर प्लास्टिकची पाटी लावायची असते. यंत्र इचलकरंजीला जाणार असेल तर सूचना मराठीत हव्यात, हुबळीला जाणार असेल तर कन्नडमध्ये. पॅनल तेच, पाटी वेगळी. शिवाय तेलकट हात लागून काही वर्षांत अक्षरं पुसली जातात आणि नवी पाटी लावावी लागते. पण लावताना हाताशी असतं फेविक्विक, नाहीतर फोमची जाड टेप. फेविक्विकनं लावलेली पाटी काढताना रंगाचा पापुद्रा सोबत निघतो. फोमवरची पाटी पत्र्यापासून वर उचललेली राहते, फटीत तेल आणि कचरा साठतो आणि कोपरा कशाला तरी अडकून उचकटतो.

बहुतेक जण विचारतात, "पक्कं कशानं बसेल?" निघणाऱ्या जोडासाठी त्याआधी दुसरं काही ठरवावं लागतं. पाटी काढाल त्या दिवशी चिकट कुणाच्या अंगावर राहायला हवं, पत्र्याच्या की पाटीच्या? आणि काढताना दोरा किंवा बोट कुठून घालणार? हे ठरलं की निम्मी निवड झाली.

हा लेख हलक्या वस्तूंपुरता आहे: सूचनेची पाटी, नेमप्लेट, मीटरवरचं पारदर्शक झाकण, वायर धरणारी छोटी क्लिप. ज्याच्यावर माणसाचा हात टेकतो किंवा जे पडलं तर इजा होईल, त्याला स्क्रूच हवा.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी चार गोष्टी बघा

प्लास्टिक कोणतं आहे. इथेच सगळ्यात जास्त चुकतं. मागच्या बाजूला त्रिकोणात आकडा असेल तर तो वाचा. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. ही दोन्ही प्लास्टिकं चिकट अंगाला लावून घेत नाहीत. खूण नसेल तर त्याच प्लास्टिकची कपची पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे हवेचे बुडबुडे कपची वर धरून ठेवणार नाहीत. तरंगली तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन समजा. एबीएस, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि पीव्हीसी बुडतात, आणि त्यांच्यावर साधी ॲक्रिलिक चिकटाची टेप नीट बसते.

मऊ, वाकणारं पीव्हीसी मात्र वेगळं मोजा. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि चिकटात शिरतं. रबरी चिकटाची टेप त्यामुळे काही महिन्यांत गुळासारखी पाघळते.

पत्र्याचा वरचा थर काय आहे. टेप पत्र्याला चिकटत नाही, पत्र्यावर जे असेल त्याला चिकटते. जीआय पत्र्यावर बऱ्याचदा तेलाचा हात असतो. स्टेनलेस स्टीलवर संरक्षक फिल्मचा चिकट अंश उरलेला असतो. रंगाखाली गंज धरला असेल तर टेप कितीही सौम्य निवडा, काढताना रंग येणारच. ताज्या ऑइल पेंटवर निदान आठवडाभर काही लावू नका.

दोन पृष्ठभागांत फट किती आहे. पाटी पत्र्यावर कोरडीच ठेवा, मधोमध बोटानं हलकी दाबा आणि कडेनं फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या साधनाचं) पान सरकवून बघा. गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद घ्या, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. कागद कडेखाली सहज गेला तर ०.०५ मिमीची टेप तिथे टेकणारच नाही. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा (०.०६ ते ०.०८ मिमी) असतो आणि संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. अति पातळ टेप त्याच्या फक्त उंचवट्यांवर टेकते. पाटी दिसायला बसलेली असते, प्रत्यक्षात अर्ध्याहून कमी भाग चिकटलेला असतो.

ऊन लागणार आहे का. प्लास्टिक आणि धातू सारखे फुगत नाहीत. एक अंश तापमान वाढलं की एक मीटर ॲक्रिलिक सुमारे ०.०७ मिमी वाढतं, लोखंड ०.०१२ मिमी आणि ॲल्युमिनियम ०.०२३ मिमी. म्हणजे ३०० मिमी लांबीची ॲक्रिलिक पाटी लोखंडी पत्र्यावर असेल, आणि रात्रीच्या २० अंशांवरून दुपारच्या उन्हात पत्रा ६० अंशांवर गेला, तर पाटी पत्र्यापेक्षा सुमारे ०.७ मिमी जास्त वाढते. मधला भाग जागेवर राहिला तरी दोन्ही टोकं प्रत्येकी ०.३५ मिमी सरकू बघतात. ०.०५ मिमीच्या थराला हे सोसत नाही. आधी टोकं सुटतात, मग मधे फुगवटा येतो. लोक टेपला दोष देतात, पण चूक लांबीची असते.

म्हणून उन्हातल्या पत्र्यावर पातळ टेपनं लावायची कडक पाटी १०० ते १५० मिमीच्या आत ठेवा. लांब हवी असेल तर दोन तुकडे करा आणि मधे एक-दीड मिमी फट सोडा. मला याहून बरा वाटणारा उपाय म्हणजे ३ मिमी ॲक्रिलिक सोडून पाव मिमीची, मागून छापलेली पॉलिकार्बोनेट फिल्म घेणं. ती एवढी लवचिक असते की फुगून जोडावर फार जोर लावू शकत नाही.

> तपासा: प्लास्टिकचं नाव, पत्र्याचा थर, फट आणि लांबी हे चारही कागदावर लिहून झालं का? नसेल तर टेप विकत घेऊ नका.

टप्पा २: काय घ्यायचं आणि काय टाळायचं

आधी टाळायच्या गोष्टी. फेविक्विक पातळ असतं, म्हणून मोह होतो. पण ते कडक आणि ठिसूळ बसतं, पारदर्शक झाकणाच्या कडेला पांढरी धुरकट झाक आणतं, आणि काढायला ॲसिटोन लागतं. ॲसिटोन एबीएस, ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट तिन्ही खातं. अराल्डाइट कायमच्या जोडासाठी आहे, इथे त्याचं काम नाही. फेविकॉल एसआरसारख्या रबरी चिकटात द्रावक असतो. तो काही प्लास्टिकना चरतो आणि थरही सारखा बसत नाही.

सिलिकॉन सीलंटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण "ते तर सोलून निघतं" असं सर्रास ऐकू येतं. रबर निघतं, पण सिलिकॉनचा अदृश्य थर पत्र्यावर राहतो. पुढे त्या जागी ना टेप धरते ना रंग. रंगात खड्डे पडतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, त्यानं उघडं लोखंड आणि तांबं गंजतं. पॅनलच्या आसपास ते आणूच नका.

आता घ्यायच्या गोष्टी. कामाचे प्रकार चारच आहेत.

दोन बाजूंना वेगवेगळी पकड असलेली टेप. पाटी बदलायची असेल तर माझी पहिली पसंती हिला. मधे पातळ फिल्म, एका बाजूला घट्ट चिकट आणि दुसऱ्या बाजूला सौम्य. थ्रीएमची ९४२५ याच प्रकारची, जाडी ०.१५ मिमीच्या आसपास. पॅनल कायम राहणार आणि पाटी फेकली जाणार असेल तर घट्ट बाजू पाटीला आणि सौम्य बाजू पत्र्याला लावा, म्हणजे चिकट पाटीसोबत निघून जातं. उलटी लावली तर सगळं चिकट पॅनलवर उरतं. कोणती बाजू कोणती हे दुकानदाराला न विचारता स्वतः तुकडा लावून, ओढून बघा.

मधे फिल्म असलेली साधी डबल टेप. उदाहरणार्थ टेसा ४९६५, जाडी सुमारे ०.२ मिमी. पकड घट्ट असते, पण मधल्या पॉलिस्टर फिल्ममुळे काढताना पट्टी अखंड ओढता येते. खडबडीत पावडर कोटिंगसाठी आणि पाटी क्वचितच बदलायची असेल तर हीच बरी.

ताणून सुटणारी पट्टी. मोबाइलच्या बॅटरीखाली असते ती. टोक धरून पृष्ठभागाला समांतर ताणत नेली की पट्टी बारीक होत सुटते आणि मागं काही राहत नाही. अट एकच: ओढायचं टोक पाटीच्या बाहेर राहिलं पाहिजे. उष्णतेत आणि तेलात ही लवकर म्हातारी होते, मग ताणताना तुटते. म्हणून घरातल्या आणि ऑफिसातल्या कोरड्या जागी वापरा.

निव्वळ चिकटाचा थर, मधे फिल्म नसलेला. थ्रीएमची ४६७एमपी ०.०५ मिमीची, ४६८एमपी ०.१३ मिमीची. सगळ्यात पातळ आणि सगळ्यात सपाट बसणारी. पण या टेप कायमच्या जोडासाठी बनवलेल्या आहेत. निघतात, पण मेहनतीनं, आणि चिकट दोन्हीकडे वाटलं जातं. पारदर्शक झाकण किंवा छापील फिल्म जिथे अगदी सपाट हवी आणि खालचा पत्रा मजबूत आहे, तिथेच घ्या. पाण्यात तरंगणाऱ्या प्लास्टिकसाठी यातला ३००एलएसई चिकट असलेला प्रकार मागा. साधा प्रकार त्यावर दोन दिवसांत सुटतो.

खडेबाजारात नाव नसलेले स्वस्त रोल मिळतात, त्यातले बरेचसे रबरी चिकटाचे असतात. बोटाला फार जोरात चिकटतात, म्हणून चांगले वाटतात. पण ऊन आणि तेल लागलं की आधी पाघळतात, मग पिवळे पडून पत्र्यावर कडक होतात. बोटाला लागणारा चिकटपणा आणि महिनाभरानंतरची पकड यांचा फारसा संबंध नसतो.

लोखंडी पत्रा असेल तर चुंबकी शीटचाही विचार करा. चिकट पाटीच्या मागेच राहतं, पत्र्याला काहीच लागत नाही. पत्रा ॲल्युमिनियमचा किंवा ३०४ स्टेनलेसचा असेल तर मात्र ती धरणार नाही.

> इशारा: उत्पादकाची मूळ रेटिंग प्लेट, अर्थिंगची खूण आणि धोक्याची पाटी निघणाऱ्या टेपवर लावू नका आणि दुसऱ्या पाटीनं झाकू नका. त्यांना रिव्हेट.

टप्पा ३: किती टेप लागेल ते मोजा

निघणाऱ्या जोडाला जास्त टेप लावणं हीसुद्धा चूकच. १०० बाय १५० मिमीची, २ मिमी जाड ॲक्रिलिक पाटी फक्त ३५ ग्रॅमच्या आसपास भरते. जाड फोम टेपसाठी कायम टांगलेल्या वजनाचा प्रचलित हिशेब एका किलोला सुमारे ५५ चौरस सेमी असा आहे. त्या हिशेबानं या पाटीला दोन-अडीच चौरस सेमी टेप पुरते. पातळ आणि सौम्य टेपसाठी याच्या पाच-सहा पट धरली तरी १० मिमी रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या पुरून उरतात. पूर्ण पाठ भरून टेप लावली तर काढताना तेवढाच जोर पत्र्याच्या रंगावर येतो.

जिथे धूळ किंवा तेल उडतं तिथे दोन पट्ट्यांनी भागत नाही. वडगाव-शहापूर भागातल्या मागांवर सुताचा कोंडा, निपाणीच्या वखारीत तंबाखूची पूड, खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात लाल माती; हे सगळं पाटीखाली शिरतं. अशा ठिकाणी चारही कडांना ७-८ मिमीची चौकट लावा आणि कोपऱ्यांत पट्ट्या एकमेकींना भिडवा, एकीवर एक चढवू नका. चढलेल्या जागी जाडी दुप्पट होते आणि पाटी तिथेच उचलली जाते.

दोन्ही पद्धतींत खालचा एक कोपरा ८-१० मिमी मोकळा ठेवा. काढायच्या दिवशी दोरा तिथूनच आत जाईल. चौकटीत तो कोपरा खाली असला की आत गेलेलं पाणीही तिथून निथळतं.

टप्पा ४: आधी तुकड्यावर परीक्षा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. चिकटाची पकड पहिल्या दिवसावर थांबत नाही, दिवस आणि उष्णता मिळेल तशी वाढत जाते. तासाभरानं अलगद निघालेली टेप वर्षानं रंग घेऊन येऊ शकते.

त्याच पत्र्याचा तुकडा घ्या, रंगही त्याच लॉटचा. त्यावर त्याच प्लास्टिकचे तीन छोटे तुकडे लावा. एक दुसऱ्या दिवशी काढा. दुसरा आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवून काढा. तिसरा पाण्यात बुडवून, वाळवून काढा. उन्हातल्या तुकड्यानं रंग उचलला तर टेप बदला. पाण्यातला आपोआप सुटला तर एक तर स्वच्छता कमी पडली किंवा प्लास्टिक ओळखण्यात चूक झाली.

टप्पा ५: स्वच्छ करणं

1. आधी पॅनलचा मेन स्विच बंद करा. पुढे वापरायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पटकन पेट घेतं. शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असेल तर थांबा.

2. तेल आणि धूळ काढा. भांड्याचा साबण कोमट पाण्यात घालून ओल्या चिंधीनं पुसा, मग साध्या पाण्याच्या चिंधीनं, मग कोरडं करा. थेट आयपीएनं सुरुवात केली तर ग्रीस फक्त पसरतं.

3. गुळगुळीत उघड्या धातूला हलका खरखरीतपणा द्या. ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर एक-दोनदा फिरवा. पावडर कोटिंगला आणि पारदर्शक प्लास्टिकला हे करू नका.

4. आयपीए आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून, रंग न सोडणाऱ्या पांढऱ्या सुती चिंधीनं एकाच दिशेनं पुसा. दर वेळी चिंधीची नवी घडी वापरा. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात आयपीए मिळतं. ॲक्रिलिकवर हे मिश्रणही कमीत कमी वापरा, कारण कापलेल्या किंवा वाकवलेल्या कडांवर अल्कोहोलनं केसासारखे तडे जातात. तिथे साबण-पाणी पुरे.

> इशारा: हँड सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, ते मागं थर सोडतं. पेट्रोलचाही तेलकट अंश राहतो. थिनर रंग आणि प्लास्टिक दोन्ही खराब करतो. चमक आणणारा सिलिकॉन स्प्रे त्या खोलीत उडालेला असेल तर पुसणं दोनदा करा.

> तपासा: उघड्या धातूवर स्वच्छ पाण्याचा पातळ थर सोडा. थर अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ आहे. थेंब तुटून वेगळे झाले तर अजून तेल आहे, क्रमांक २ पासून पुन्हा सुरू करा. तपासणीचं पाणी पूर्ण वाळवायला विसरू नका.

टप्पा ६: लावणं

पावसाळ्यात, खास करून खानापूर-जांबोटी पट्ट्यात, पत्रा हाताला थंड लागतो आणि त्यावर न दिसणारा दमटपणा असतो. हेअर ड्रायरनं पत्रा कोमट करा, हाताच्या पाठीला ऊब जाणवेल इतपत. बहुतेक ॲक्रिलिक टेपना २० ते ३८ अंशांमधलं तापमान मानवतं. थंडीच्या सकाळी लावायचं असेल तर टेपचा रोलही खोलीत ठेवून कोमट होऊ द्या.

क्रम असा ठेवा. पत्र्यावर पेन्सिलीनं किंवा कागदी टेपनं जागा आखा. डबल टेप आधी पाटीला लावा, मधून कडेकडे दाबत, म्हणजे हवा अडकणार नाही. कडेबाहेर आलेली टेप ब्लेडनं कापा. मग संरक्षक कागद एका कडेला फक्त सेंटिमीटरभर सोलून बाहेर दुमडा. पाटी आखलेल्या जागी टेकवा, ती कड दाबा, आणि उरलेला कागद खालून हळूहळू ओढत पाटी बसवत जा. पूर्ण कागद आधीच काढला तर पाटी वाकडी टेकते, आणि उचलून पुन्हा लावलेल्या टेपची पकड कमी होते.

दाब किती? साधारण एका चौरस सेंटिमीटरला एक किलो. मोठ्या पाटीवर नुसता तळहात पुरत नाही. रबरी रोलर घ्या, किंवा लाकडी ठोकळ्याला सुती कापड गुंडाळून टेपच्या पट्टीवरून जोर देत फिरवा, कोपऱ्यांवर दोनदा. पारदर्शक झाकण असेल तर बाजूनं टॉर्च मारा. जिथे चांदीसारखी झाक दिसते तिथे हवा आहे, तिथे पुन्हा दाबा.

टप्पा ७: थांबणं

खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, चोवीस तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास. यंत्र टेंपोत चढवण्याआधी निदान एक दिवस द्या. पाटी लावली त्याच संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेनं पॅनल साफ करू नका. कडेखाली हवा घुसली की ती कड पुन्हा बसत नाही. पाटीच्या मागे, टेप नसलेल्या जागी, टेपचा प्रकार आणि तारीख मार्करनं लिहायची असते. ती लावण्याआधीच लिहा.

टप्पा ८: काढणं

घाईत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं ही इथली मुख्य चूक. पाटी तुटते आणि पत्र्यावर ओरखडा राहतो, तो पुढे गंजतो.

1. मेन बंद. ड्रायर १०-१५ सेमी अंतरावरून सतत फिरवत ठेवा. पाटी ५०-६० अंशांपर्यंत गेली की पुरे, म्हणजे हात लावल्यावर लगेच काढावासा वाटेल इतकी. हॉट एअर गन वापरू नका, ती ॲक्रिलिक वाकवते.

2. मोकळ्या कोपऱ्यातून मासेमारीचा नायलॉन दोरा किंवा दातांचा फ्लॉस घाला. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून करवतीसारखा, पण पत्र्याला चिकटवून, मागेपुढे ओढत खाली-वर न उचलता पुढे न्या. फिल्मवाल्या टेपमध्ये दोरा फिल्म आणि पत्रा यांच्या मधूनच गेला पाहिजे.

3. लवचिक पाटी असेल तर दोरा नको. कोपरा उचलून जवळजवळ पूर्ण उलटी दुमडा आणि पत्र्याला समांतर, अगदी सावकाश ओढा. सरळ आपल्याकडे खेचलं तर रंग उचलला जातो. कुठे रंग वर येताना दिसला की थांबा, तिथे पुन्हा ऊब द्या आणि दुसऱ्या बाजूनं या.

4. राहिलेलं चिकट गार होऊ द्या आणि अंगठ्यानं चोळून त्याच्या गोळ्या करा. किंवा त्याच टेपचा ताजा तुकडा त्यावर दाबून झटकन उचला, चिकट चिकटाला घेऊन येतं.

5. तरी उरलं तर धातूवर आणि पक्क्या पावडर कोटिंगवर टर्पेंटाइनची चिंधी दोन मिनिटं ठेवून पुसा. आधी पॅनलच्या मागच्या बाजूला करून बघा. प्लास्टिकवर टर्पेंटाइन वापरू नका. तिथे खाण्याच्या तेलाचा थेंब चोळा, मग साबण-पाणी.

> तपासा: जुन्या चिकटाच्या जागी बोट फिरवा. बोट कुठेही अडखळलं किंवा चिकटलं तर नवी पाटी लावायची वेळ आलेली नाही.

टर्पेंटाइन किंवा तेल लागलेल्या जागी नवी टेप लावण्याआधी टप्पा ५ पहिल्यापासून करायचा, साबण-पाण्यासकट. जुन्या टेपवर नवी टेप चढवू नका; धरून ठेवणारा थर शेवटी तो जुनाच राहतो. काढलेल्या पाटीमागची तारीख बघा आणि टेप कशी निघाली ते वहीत लिहून ठेवा: अखंड आली, तुटली की रंग घेऊन आली. रंग घेऊन आली असेल तर त्या जातीच्या पॅनलवर पुढच्या वेळी एक दर्जा सौम्य टेप घ्या. वेळेआधी सुटली असेल तर टेप बदलण्याआधी फट आणि स्वच्छता पुन्हा मोजा.